उत्तरेकडचं मूळ

गिरधर वैद्य दरवर्षी भाऊबीजेला बहिणीकडे बोदवडला जात, ते ओवाळून घ्यायला कमी आणि टेटूच्या झाडाचं मूळ आणायला जास्त, हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बहिणीलाही माहीत असणारच. पण भाऊ साडी घेऊन दारात उभा असताना असं कुणी बोलून दाखवतं का?

धुळ्यात, पांझरेपलीकडच्या देवपुरात, गिरधर वैद्यांच्या, म्हणजे नानांच्या, बाळंतकाढ्याचं नाव होतं. पहिलटकरीण माहेरी आली की तिची आई आधी नानांकडे वर्दी द्यायची. काढ्यात दहा झाडांची मुळं पडत. त्यातली नऊ कुठून ना कुठून मिळत. दहावं टेटूचं, तिथे घोडं अडायचं. डोंगरातून मुळ्या आणणारे म्हातारे आता हात हलवत परत येत, आणि बाजारात टेटू म्हणून महारुखाची साल गळ्यात मारत. नानांना ती वासावरून कळायची. मग दुकानदाराची जी हजेरी घेतली जाई, ती ऐकायला रस्त्यावरचे लोक थांबत.

म्हणून बोदवडचं झाड. बहिणीच्या, म्हणजे मंजुळाअक्काच्या, सासऱ्यांनी कधीकाळी सातपुड्यातून रोप आणून नाल्याकाठच्या बांधावर लावलं होतं. आसपासच्या गावांत दुसरा टेटू नव्हता.

नानांची मूळ घ्यायची रीत वडिलांकडून आलेली. भाऊबीजेच्या संध्याकाळी झाडाजवळ जायचं, बुंध्याशी सुपारी आणि अक्षता ठेवायच्या, हात जोडून उद्याचं आमंत्रण द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, तोंडातून शब्द न काढता, उत्तरेकडे गेलेलं मूळ तेवढं घ्यायचं. दुसऱ्या कुठल्याही बाजूला कुदळ लावायची नाही. नाना ही रीत काटेकोर पाळत. लोक झाडं ओरबाडतात, आपण मागून घेतो, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

सून दिपमाला वैद्यकीची पदवी घेतलेली. सासऱ्यांच्याच दवाखान्यात बसायची. हुशार होती, आणि नानांना ती हुशार आहे याचं कौतुकही होतं, ती दुसऱ्या कुणाशी बोलत असेल तोवर. एका चर्चासत्राहून ती परत आली ती नवंच घेऊन. मुळाऐवजी त्याच झाडाच्या कोवळ्या फांद्या घ्यायच्या. काही ठिकाणी तपासून पाहिलंय, गुण पुष्कळसे जुळतात, आणि झाड जगतं.

"ग्रंथात मूळ म्हटलंय," नाना म्हणाले.

"ग्रंथ लिहिले तेव्हा झाडं होती, नाना."

नानांनी चष्मा काढून पुसला. त्यांना उत्तर सुचलं नाही की ते असंच करत.

मग तिने एक दिवस दोन भांड्यांत काढा उकळला. एक मुळाचा, एक अक्काकडून मागवलेल्या फांद्यांचा. नानांपुढे दोन वाट्या ठेवल्या आणि कुठली कशाची ते सांगितलं नाही. नानांची जीभ अख्ख्या धुळ्यात नावाजलेली. त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, पुन्हा पहिला घेतला. आणि त्यांना कळेना. खरंच कळेना. शेवटी त्यांनी अंदाजाने एका वाटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही उतरलेली. पाणचट."

ती मुळाची होती. दिपमाला वाट्या उचलून आत घेऊन गेली. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं नानांना पुढे फार वेळा वाटलं.

मागच्या भाऊबीजेला ती हट्टाने बरोबर आली. झाड बघून तिचा चेहराच उतरला. उत्तरेच्या बाजूला वर्षानुवर्षं खणून माती भुसभुशीत झाली होती, जाड मुळं एकामागून एक संपली होती, आणि झाड किंचित दक्षिणेकडे कललं होतं.

"नाना, एकाच अंगाने सगळं घेतलंत. धरून ठेवायला त्या बाजूला राहिलंय काय?"

"रीत आहे ती."

"या वर्षी तरी नको. कित्येक वर्षांत याला शेंगा धरलेल्या नाहीत, असं आत्या म्हणतात. जरा दम घेऊ द्या. शेंगा आल्या तर बी मिळेल, रोपं करता येतील. मी फांद्या लावून पाहिल्या, त्या काही धरल्या नाहीत."

नानांनी बोटभर जाडीचं एकच मूळ घेतलं. आपण केवढी माघार घेतली, असं त्यांना वाटलं.

यंदा पावसाळ्यानंतर अक्काचा फोन आला, की टेटूला शेंगा लागल्या, हातभर लांब, हिरव्यागार. दिपमाला लहान मुलीसारखी हरखली. शेंगा माघ-फाल्गुनात वाळतील, तेव्हा जाऊन बी आणायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग ती नानांपुढे येऊन बसली. नानांची धाकटी लेक भूमिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवाळीच्या आतबाहेर दिवस भरत होते.

"भूमिकाताईंचा काढा फांद्यांचा करू, नाना. वैद्यांनी स्वतःच्या लेकीला दिला म्हटल्यावर गावात कुणी शंका काढणार नाही. झाडही सुटेल."

"माझ्या लेकीवर प्रयोग करतेस?" नाना ओरडलेच.

तिने स्वतःच्या बाळंतपणात तोच काढा घेतला होता, हे ती बोलली नाही. बोलली ती भूमिकाच, दुसऱ्या दिवशी, आणि बापाला चांगलं फैलावर घेतलं. "वहिनी पिऊन धडधाकट आहे. मीही तोच पिणार."

नाना चार दिवस घुम्यासारखे वावरले. दोन वाट्या त्यांना आठवत होत्या. पाचव्या दिवशी मनाशी ठरलं: यंदा मुळाला हात लावायचा नाही. पण ते तसं बोलले नाहीत. भाऊबीजेला झाडाखाली उभं राहून, सुनेच्या हातात स्वतः कोयता देऊन सांगायचं, असं त्यांच्या मनात होतं. मोठेपणा सोडायचा तोही मोठेपणानेच! तोवर घरात दिपमाला मान खाली घालून काम करत राहिली, आणि नाना ते बघत राहिले.

धनत्रयोदशीला भूमिकाला मुलगी झाली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी अवकाळी पाऊस आला. उत्तरेकडून वारा सुटला, कपाशी लोळली, पत्रे उडाले. पाडव्याच्या सकाळी अक्काचा फोन आला.

"टेटू पडी गया, गिरधर."

भाऊबीजेला सासरा-सून चाळीसगावला गाडी बदलून बोदवडला उतरले. घरी न जाता दोघं थेट वावरात गेले. झाड दक्षिणेकडे आडवं पडलं होतं. पूर्व-पश्चिमेकडची मुळं मातीसकट वर आली होती. उत्तरेच्या बाजूला नुसते थोटके दिसत होते, एकापुढे एक, सगळे सरळ कापलेले. नानांनी कधी वेडंवाकडं कापलं नव्हतं.

दिपमालाने एक शेंग तोडून नखाने उकलली. आत बी होतं, पांढरं, ओलं, दुधासारखं. तिने दुसरी उकलली, तिसरी उकलली. मग उरलेल्या शेंगांकडे नुसतं बघितलं.

"कच्चंय. रुजणार नाही."

अक्का पदर खोचून बांधावर उभी होती. तिने भावाला आधी पाणी दिलं. मग उघड्या पडलेल्या मुळांकडे हात करून म्हणाली, "आते काय, बठ्ठं लई जाय. दहा वरीस पुरी."

"अक्का, सगळं घेऊन जा असं बोलू नको."

"मंग कसं बोलू? दरसाल झाडले सुपारी ठेवस, झाडले इचारस. माले कधी इचारं का रे? वावर मनं शे. मना सासरानी हातखाल वाढेल झाड शे." तिचा आवाज चढला नव्हता. "भाऊबीजले भाऊले नही कशी म्हनू मी?"

नानांनी चष्मा काढला. पण पुसला नाही, तसाच हातात धरला. त्यांना मोठ्याने रडावंसं वाटलं, आणि आपल्याला तो हक्क नाही, असंही वाटलं. एवढ्या वर्षांत बहिणीच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी होकार असाच धरला होता. सुनेच्या गप्प राहण्याचा अर्थ हार असा धरला होता.

"दिपमाला," ते म्हणाले, "मी या वेळी मूळ घेणार नव्हतो. तुला इथं येऊन सांगणार होतो. देवाशपथ."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिने विश्वास ठेवला असावा. त्याने काही फरक पडत नव्हता, एवढंच.

तेवढ्यात देवपूरहून फोन आला. भूमिकाला दवाखान्यातून घरी आणलं होतं, काढा कधी सुरू करायचा असं विचारत होते. "उद्यापासून," नाना म्हणाले आणि फोन ठेवला. पिशवीतून कोयता काढला. उघड्या पडलेल्या मुळांना वळसा घालून ते आडव्या झाडाच्या शेंड्याकडे गेले, गुडघ्यावर बसले, आणि कोवळ्या फांद्या निवडून एकेक छाटू लागले. हळू, बेताने, सालही सोलवटणार नाही अशा.

दिपमालाने हातातल्या उकललेल्या शेंगा खाली ठेवल्या. मग त्यांच्याजवळ जाऊन तिने कोयत्याचा हात हलकेच धरला.

"नाना," ती म्हणाली, "आता मूळ घेतलं तरी चालेल."

नानांनी नकारार्थी मान हलवली आणि पुढची फांदी धरली.