कमानीखालची धावपट्टी

फाल्गुनातले ऊन सावरमाळावर पाय न वाजवता उतरते. पिंगट कुसळांचे, तांबूस मुरमाचे, निःशब्द विस्ताराचे ते राज्य. आणि मधोमध काळी, दीर्घ, एकाकी धावपट्टी. पट्टी जिल्हा परिषदेच्या मालकीची. वरचे आकाश कुणाच्याच मालकीचे नव्हते, म्हणून ते स्वच्छ असे.

बहात्तरच्या दुष्काळात ती जन्मली. आभाळाने पाठ फिरवलेल्या माणसांकडून आभाळासाठीच वाट बांधून घ्यावी, हे सरकारलाच सुचू शकते. दिवसभर खडी फुटे, संध्याकाळी ओंजळीत खायला सुकडी पडे. त्या ओंजळींत हौसाची ओंजळ होती. कोवळी, फोडांनी फुललेली.

उद्घाटनाला विमान उतरले, मंत्री उतरले, फीत कापली गेली. पुढे शहरातल्या मुलांचा उड्डाण क्लब आला आणि गेला. मग शेळ्या आल्या, त्या गेल्या नाहीत. भेगांतून तरवड पिवळा फुलला. निम्मा तालुका इथेच मोटार चालवायला शिकला, आणि ते त्याच्या चालवण्यावरून ओळखू येई.

पण हौसाच्या मनात त्या पट्टीचा रंग वेगळा होता. गेणू तिच्याच टोळीत घमेली वाही. पुढे तो तिचा नवरा झाला. एका दुपारी, धुळीने माखलेल्या पापण्या उचलून तो म्हणाला होता, "वरनं बघितलं ना हौसे, तर ही पट्टी म्हंजे माळाचा भांग दिसंल."

वरून बघितले कुणी? त्यानेही नाही. गेणू गेला, तिचे कुंकू गेले, केस कापसासारखे झाले. पण ते एक वाक्य माळावरच्या घारीसारखे तिच्या माथ्यावर फिरत राहिले. न उतरणारे, न विझणारे. एकदा, फक्त एकदा, वरून बघायचे होते.

आणि पट्टीला पन्नास वर्षे झाली. परिषदेने सोहळा योजला. खडी फोडणाऱ्यांपैकी चालती-बोलती उरली होती ती हौसाबाई एकटी; तेव्हा शहरातून छोटे विमान येईल, तिला माळावरून एक फेरी मारून आणील, असे ठरले. फेरी एकच. विमानाला लगेच परतायचे होते.

आता परिषदेचे अध्यक्ष बापूसाहेब यांच्या राज्यात पाहुणा कमानीखालूनच येतो. रस्त्याने आला तर रस्त्यावर कमान. हा पाहुणा धावपट्टीवरून येणार, म्हणून धावपट्टीवर कमान. बांबूंची, झेंडूंची, केळीच्या खुंटांची, आणि सर्वांत वर हसऱ्या बापूसाहेबांची. चांगली ऐसपैस, दोन ट्रक शेजारी शेजारी गेले असते.

माध्यान्ही पूर्वेकडे एक रुपेरी ठिपका थरथरला. हौसाबाईचा ऊर थरथरला. ठिपक्याला पंख फुटले, नाद फुटला. विमान माळावर आले, खाली झुकले, आणि पुन्हा वर गेले. पुन्हा झुकले, पुन्हा वर गेले.

अभियंता धुमाळांच्या वायरलेसवर वैमानिक काहीतरी फार सभ्य शब्दांत विचारत होता. धुमाळांनी ते अध्यक्षांच्या कानात आणखी सभ्य करून सांगितले.

"मग खालून या म्हणावं," बापूसाहेब म्हणाले. "उंची भरपूर ठेवलीय."

हौसाबाई पुढे आली. "काढा की ती, बापूसाहेब. मी काय कमान बघाय न्हाई आले."

"अक्का, तुमच्याच मानासाठी उभी केलीय."

"मान ऱ्हाऊ द्या खाली. मला वर जायचंय."

बापूसाहेबांनी वर स्वतःच्या हसऱ्या चित्राकडे बघितले. मग त्यांनी हात हलवला. माणसे धावली, खांब हलवू लागली. खांब हलेनात. बुडाशी सिमेंट ओतले होते. जिल्ह्यातले एकमेव पक्के काम नेमके हेच निघाले. कुऱ्हाड आणायला कुणी गावाकडे गेले, आणि वायरलेस म्हणाला, इंधन संपत आले. एकदा पट्टीवर झुकून वरूनच जातो, नमस्कार सांगा.

तेव्हा हौसाबाई चालू लागली. झेंडूंखालून, हाका मारणाऱ्यांच्या हाकांमधून, तापल्या डांबरावरून, थेट पट्टीच्या मध्यावर. तिथे ती उभी राहिली.

विमान शेवटचे झुकले. त्याची सावली माळाच्या कडेवर पडली, कुसळांवरून सरकली, कमानीवरून गेली, एक पाकळीही न दुखवता. आणि पट्टीवर उतरली. पंख पसरून, काळ्यावर काळी, धावत, धावत, धावत आली. निमिषभर हौसाबाईच्या पायांवर, पदरावर, मिटल्या पापण्यांवर निळा गारवा झाला. तिने पदर मुठीत घट्ट धरला, उंच जाताना धरावा तसा.

मग ऊन. मग वारा. सावली पट्टीचे टोक सोडून माळापलीकडच्या दरीत उतरत गेली, निळसर, पुसट, पुसट. आणि ती अजून डोळे मिटून उभी होती, मूठ न सोडता, माळभर पसरलेल्या उन्हात, एकटी, उंच.