आण्णाप्पाचा खांदा आणि सात किलोंची मी

मी एक जुनी पितळी इस्त्री आहे. कोळशाची. रिकामी असले तरी सात किलो भरते, आणि पोटात निखारे घातले की त्याहून जास्त. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी आपली गोष्ट हळू आवाजात, डोळे पुसत सांगावी, अशी तुमची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. मी त्रेचाळीस वर्षं तापलेली आहे, आणि नुसत्या कोळशानं नाही.

कोल्हापुरात एका कारागिरानं मला ओतलं, घासलं, शिसवी मूठ बसवली. बावीस वर्षांच्या आण्णाप्पानं मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर घेऊन निपाणीला आणलं. मूल आणावं तसं. बस स्टँडमागच्या गल्लीत त्याचं लाकडी फळ्यांचं दुकान होतं. तेव्हा त्याचा दंड असा होता, की मला एका हातानं उचलून तो शेजाऱ्याशी गप्पा मारायचा. शर्टाची कॉलर, बाह्या, पाठ, घडी. त्याच्या हातची घडी मोडायला लोकांना जिवावर यायचं. तंबाखूच्या वखारीतले व्यापारी, शाळेतले गुरुजी, वकील, सगळे त्याच्याकडेच कपडे टाकायचे. लोक माझंही कौतुक करायचे. सणाला आण्णाप्पा मला चिंच लावून घासायचा, हळदकुंकू वाहायचा. ते दिवस चांगले होते, हे मी नाकारत नाही.

गिऱ्हाइकांत केशवराव नावाचे पोस्टातले कारकून होते. आण्णाप्पा पंचवीस वर्षांचा असताना एका सकाळी ते शर्ट न्यायला आले आणि तिथंच उभे राहिले.

"आण्णाप्पा, तुझा खांदा आज चांगला आहे. साठीला असाच राहील का?"

"न्हाय की. साठीला कुणाचा ऱ्हातोय?"

"मग त्या वेळी काय करणार? मला पेन्शन आहे, तुला कोण देणार? महिन्याला वीस रुपये पोस्टात टाक. मुदत संपली की पुन्हा गुंतव. मधे हात लावू नकोस. बाकीचं काम वर्षं करतील."

"टाकतो की. आत्ता कुठं वय झालंय? जरा बस्तान बसू दे."

मित्रांनो, हे 'बस्तान' तेव्हापासून बसतंच आहे.

केशवराव माणूस चांगला. त्यांनी वर्षानुवर्षं पिच्छा सोडला नाही. आण्णाप्पाही कधी 'नाही' म्हणाला नाही, आणि माझा संताप होतो तो याच गोष्टीचा. तो सरळ नाही म्हणाला असता तर निदान भांडता आलं असतं. तो दरवेळी 'हो' म्हणायचा. लग्न झाल्यावर टाकतो. जत्रा झाल्यावर टाकतो. रंगीत टीव्ही घेतला, त्याचे हप्ते फिटल्यावर टाकतो. बायकोच्या, मालुबाईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, लेकीच्या, पूर्णिमाच्या शाळेची फी भरावी लागली, ते खर्च मला समजतात. त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण जत्रेला दरवर्षी साठ माणसांचं जेवण? कुणाचाही वाढदिवस असला की फलकावर आपला हात जोडलेला फोटो? वीस रुपयांची गोष्ट होती हो! त्याहून जास्त तो चहात घालवत होता. मी जड आहे, पण मला तोंड नाही. असतं तर निपाणीपासून बेळगावपर्यंत ऐकू गेलं असतं.

शेजारच्या पायरीवर राजाबाई विड्या वळत बसायची. आण्णाप्पाच्याच वयाची. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, आणि खाली घातलेली मान. नवरा लवकर गेलेला, पोर नाही. तिच्याकडे इस्त्रीचे कपडे नव्हतेच, त्यामुळं मी तिच्याकडं फारसं लक्ष दिलं नव्हतं. इतकंच पाहिलं होतं, की महिन्यातून एकदा ती पदर खोचून कुठंतरी जायची आणि तासाभरानं येऊन पुन्हा सूप घ्यायची.

साठ वर्षांची झाली त्या साली एका सोमवारी ती पायरीवर आली, पण सूप न घेता.

"आज काम न्हाय व्हय गं?" आण्णाप्पानं विचारलं.

"आजपासनं बंद. बोटं लई दुखत्यात."

तो हसला. "बंद? आणि खाणार काय?"

"पोस्टात साठवलंय की. लई न्हाय. भाकरीपुरतं, औषधापुरतं, आणि अधनंमधनं कोल्हापूरला भाचीकडं जाण्यापुरतं."

"तुला कुणी शिकवलं गं ह्ये?"

"तुझ्या केशवरावांनी."

"ते कवा तुला बोलले?"

"मला न्हाय रं, तुला बोलत हुते. तू ऐकलं न्हाईस. मी हितं बसून ऐकलं."

माझ्या पोटातले निखारे फुलले होते, तरी मला गार वाटलं. आण्णाप्पानं पुढचा शर्ट ओढला आणि एकाच कॉलरवरून मला तीनदा फिरवलं.

मग चार-पाच वर्षांनी उजवा खांदा गेला. एकदम नाही, आधी रात्रीची कळ, मग हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, सहा महिने जड काही उचलायचं नाही. आण्णाप्पा चौथ्या दिवशी दुकानात हजर. मालुबाई मागोमाग आली.

"अवो, डागतर काय म्हणालं? ऐकायचंच न्हाय व्हय कुणाचं?"

"डागतर दुकानाचं भाडं भरणार हाय व्हय? घरात बसून काय करू, सांग तू."

मालुबाई बाकड्यावर बसली आणि कपडे उलगडून त्याच्या हातात देऊ लागली. तो मला दोन्ही हातांनी उचलू लागला. हात थरथरायचे आणि त्याच्याबरोबर मीही. मित्रांनो, ज्या माणसानं आपल्याला मांडीवर आणलं, त्याच्यावर आपलं ओझं व्हावं, आणि आपल्याला एक तोळाही हलकं होता येऊ नये, याचा विचार करा.

शाळेतला शिपाई जोतिबा त्या महिन्यात निवृत्त होणार होता. निरोपसमारंभासाठी त्यानं नवा पांढरा शर्ट शिवला होता. आण्णाप्पानं तो पसरला, पाणी शिंपडलं, मला उचललं, आणि खांद्यात कळ आली. मी शर्टाच्या पाठीवर पडले आणि तिथंच राहिले. त्याला मला लवकर उचलता येईना. उचललं तेव्हा शर्टावर माझा तळवा उमटला होता, टोकापासून बुडापर्यंत, तांबूस.

तासाभरात जोतिबा आला. आण्णाप्पानं शर्ट तसाच पुढं धरला. त्रेचाळीस वर्षांत त्याच्या हातून कपडा जळला नव्हता.

"नवा घेऊन देतो, जोतिबा. आत्ता जातो दुकानात."

जोतिबानं डाग बघितला, मग आण्णाप्पाचे हात बघितले. "ऱ्हाऊ दे की, अण्णा. पाठीवरच हाय. वरनं शाल घालणारच हायत, कुणाला दिसतंय?" त्यानं शर्ट काखेत घेतला. दोन पावलं जाऊन तो परत वळला. टोचायचं म्हणून नव्हे, काळजीनं विचारलं, "अण्णा, तुमी कवा थांबणार?"

जोतिबा गेल्यावर आण्णाप्पा फळीला टेकून कितीतरी वेळ उभा होता.

रविवारी पूर्णिमा आली. बेळगावात एका खासगी दवाखान्याच्या काउंटरवर तिला नोकरी लागून वर्ष झालं होतं. वय सव्वीस. दुकानातच बसून तिनं घ्यायच्या स्कूटीचे फोटो दाखवले.

"हप्ते बसतील आप्पा, पण जमेल."

"आणि म्हातारपणासाठी काय टाकतीस?"

ती हसली. "आप्पा, आत्ता तर लागलेय. जरा सेटल होऊ दे. मग बघू."

आण्णाप्पा ओरडला. मी त्याला इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. "मग बघू म्हणू नगंस! त्याच शब्दानं माझं वाटोळं केलंय!"

पूर्णिमा दचकली. "असं काय करताय? तुमचं पोस्टात आहे की काहीतरी."

"कायबी न्हाय."

"काहीच नाही?"

"एक रुपाया न्हाय. सरकारचं म्हातारपणाचं पेन्शन येतंय, ते औषधाला पुरंना. लाज वाटत हुती म्हणून तुला कधी सांगितलं न्हाय." तो खाली बसला. "पोरी, मी पैसा उधळला न्हाय. मी फकस्त वरसं घालवली. पैसा मागनं मिळवता येतोय गं. वरीस कुठनं आणायचं?"

पूर्णिमानं फोन पालथा ठेवला. मग तिनं बापाचा खांदा चोळायला घेतला.

पुढच्या महिन्यात तिनं पगारातला आठवा भाग काढून पेन्शनच्या खात्यात टाकायला सुरुवात केली. स्कूटी घेतली नाही. दवाखान्यात अजून बसनंच जाते आणि रोज कंडक्टरवर वैतागते. तो वैताग मला आवडतो. आणि बापासाठी तिनं एक विजेची इस्त्री आणली. निळी, प्लास्टिकची, किलोभराची. कागदासारखी हलकी.

त्या दिवसापासून मी कपाटाच्या वर आहे. निखारे नाहीत, धूर नाही, काम नाही. गल्लीतले लोक म्हणतात, आता हिला आराम. आणि खाली आण्णाप्पा उभा आहे. पासष्ट वर्षांचा, डाव्या हातानं, हळूहळू बाह्या दाबतो आहे. मित्रांनो, मी निवृत्त झाले, त्याला होता आलं नाही. ज्यानं जन्मभर मला उचललं त्याला उभं ठेवून मी बसले आहे, आणि या आरामानं माझा जीव नुसता जळतो.

तेव्हा माझी विनंती ऐका. मला चिंच लावून चकचकीत करू नका, दिवाणखान्यात मांडू नका. तुमचा पहिला पगार झाला असेल, तर ही गोष्ट संपल्यावर उठा आणि थोडे पैसे बाजूला टाकून या. किती, ते विचारू नका. आज टाकले का, एवढंच स्वतःला विचारा.