पाण्याखालचा आवाज

उड्डाणतळाच्या पहारा-बोटीचं सुकाणू तिच्या हाती होतं. रॉकेट उडायच्या आधी समोरचा समुद्र रिकामा करायचा, हे तिचं काम. मच्छीमार कुरकुरत का होईना, होड्या वळवायचे. पण मागून तिच्या नावाने बोटं मोडायचे. मासळी आटली ती रॉकेटच्या आवाजानेच, असं अर्धं गाव छातीठोकपणे सांगायचं. उरलेलं अर्धं गाव तळावर नोकरीला होतं, त्याला तसं काही वाटत नव्हतं.

त्या सकाळी वायरलेसवर तळाचे साहेब कडाडले, "हद्दीत एक होडी शिरलीय! उलटी मोजणी थांबवलीय. आधी ती बाहेर काढा."

तिने बोट पिटाळली. जवळ जाऊन बघते तर होडीत तिचे सासरे होते. इंजिन बंद, वल्हं पाण्यात उभं धरलेलं आणि वल्ह्याच्या दांड्याला कान टेकलेला.

"आबा! अहो, काय चाललंय हे?"

"शू! खालचं ऐकू दे जरा."

"तुमच्यापायी रॉकेट अडलंय!"

"माझ्यापायी?" आबांचा चेहरा खुलला. "एवढं धूड?"

तिने हसू दाबलं. "माझी नोकरी जाईल, आबा. चला."

"गाव म्हणतं, मासे पळाले. तळावर कामाला जाणारा तुझा नवरा म्हणतो, छे, काहीतरीच. दोघंही तावातावाने भांडतात. पण पाण्यात कान घालून बघितलाय कुणी? माझा बाप असाच मासे ऐकायचा. मला एकदा ऐकू दे, मग खुशाल तुरुंगात घाला."

इतकी वर्षं ती समुद्र वरून मोकळा करत होती. खाली त्या वेळी काय होतं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"हद्दीबाहेरही पाणी हेच आहे," ती म्हणाली. "तिथून ऐका. मीपण ऐकते."

तिने फेकलेला दोर आबांनी झेलला आणि होडीला बांधला.

हद्द ओलांडल्यावर तिने 'समुद्र मोकळा' असं कळवलं, इंजिन बंद केलं, सुकाणू बोटीवरच्या सहकाऱ्याकडे दिलं आणि ती आबांच्या होडीत उतरली. दांड्याच्या एका बाजूला आबांचा कान, दुसऱ्या बाजूला तिचा. ओलं लाकूड पेटावं तसा बारीक तडतडाट येत होता.

"हे सगळे जिवंत आहेत," आबा कुजबुजले.

किनाऱ्यावर ज्वाळा उसळली. आभाळातला गडगडाट पोचायच्या आतच वल्हं थरथरलं आणि खालचा तडतडाट तुटला. मग वरून आवाज कोसळला, विरत विरत गेला. तरी खाली चिडीचूप. बऱ्याच वेळाने कुठेतरी एक टिचकी वाजली, मग दुसरी.

"घाबरले असतील का हो?"

"की आपल्यासारखेच ऐकत बसले होते?"

तळावर परतल्यावर साहेबांनी तिची चांगलीच खरडपट्टी काढली. ती ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "साहेब, आपण पाण्यात एखादा माइक सोडलाय का कधी?" साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "सोडायला हरकत नाही."

रात्री जेवताना नवऱ्याने बापाला डिवचलं, "मग? पळाले का मासे?"

"गप्प झाले, एवढं खरं. पळाले की नाही, ते जाळं टाकल्याशिवाय कसं कळणार?"

"उद्या मला सुट्टी आहे," नवरा ताटात बघत म्हणाला. "येऊ का?"

आबांनी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "दोघंच नाही हं जायचं. मलाही बघायचंय."