काशिरामचा पाला

"तुरा काढाला लागला बग तुजा पाला," भीमाबाई बांधावरून ओरडली. "यकादं रोप बियाला सोड आता. चिंदी बांध नि मोकली हो."

हौसा घागर तिरकी करून सरीत पाणी सोडत होती. तिने मान वर केली नाही.

"कशाला? ते येतील ते बी घेऊनशीच येतील."

"येतील, येतील. होली आली तोंडावर."

"पोरगा तुमचा, नि मला काय इचारताव?"

यावर सासूने मशेरीची डबी उघडली आणि विषय मिटवला. सुनेच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे तिला कळत होतं. शिवाय पोरगा खरोखरच तिचा होता.

मळ्यात वालाचे वेल केव्हाच उपटून झाले होते. वांगी होती, थोडा मुळा होता आणि विहिरीच्या अंगाला एक सरी सालीटची, म्हणजे परदेशी सॅलडच्या पाल्याची. हिरवीगार, झालरीच्या पानांची. गाव तिला काशिरामचा पाला म्हणायचं, कारण अख्ख्या पंचक्रोशीत असला पाला दुसरा कोणी लावत नव्हता आणि लावला असता तरी खाल्ला नसता. काशिराम म्हणजे हौसाचा नवरा. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. वालाच्या शेंगा भरल्या की घरी यायचा, होळी झाली की जायचा. येताना पुढच्या सालासाठी सालीटच्या बियांची पुडी आणायचा. हौसा ते बी दिवाळीत टाकायची, म्हणजे तो दारात येईपर्यंत गड्डे भरलेले असायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा-बायकोचा संसार असा शेंगा भरल्यापासून होळीपर्यंतचा. बाकीचं वर्ष नुसतं वाट बघण्याचं.

पहिल्या वर्षी त्याने हा पाला आणला तेव्हा भलतीच फजिती झाली होती. त्या संध्याकाळी मळ्यात पोपटी लावायची होती. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, आत-बाहेर भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि वर जाळ करायचा. हौसाला वाटलं, नवऱ्याने परदेशातून भांबुर्ड्यासारखाच कसला तरी पाला आणलाय. तिने तो सगळा मडक्यात कोंबला. मडकं उघडलं तर शेंगांना काळा-हिरवा लगदा चिकटलेला! काशिराम पोट धरून हसला. एक गड्डा तेवढा टोपलीत राहिला होता. तो त्याने उभा चिरला, तेल-मीठ चोळलं आणि उरलेल्या निखाऱ्यांवर सळया टाकून त्यावर पालथा ठेवला. बघता बघता झालासुद्धा. कडा करपलेल्या, आत गारेगार, वर लिंबू.

"खा," तो म्हणाला.

हौसाने एक घास घेतला. "शेलीला घाला," ती म्हणाली.

पण मग ती रीतच पडली. तो आला की पहिल्या संध्याकाळी तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि तोंडी लावायला भाजलेलं सालीट. एकदा तो म्हणाला होता, "जहाजावर सायबांना हे भाजून देतंय, पन उभ्यानं. बसून खातंय ते फक्त हितं. तुज्याबरोबर." असलं काही बोलायची त्याची सवय नव्हती. बोलून झाल्यावर तोच लाजला. हौसाने मात्र ते बोलणं जपून ठेवलं आणि तेव्हापासून शेळीचं नाव काढलं नाही.

यंदा शेंगा भरल्या, पोपट्या झाल्या. काशिराम आला नाही. पहिले गड्डे जून झाले, ते शेळीनेच खाल्ले. हौसाने उरलेलं बी पुन्हा टाकलं. आता तेही रोप उंच व्हायला लागलं होतं. उन्हाळा लागला की सालीटचा दांडा वर धावतो, पानं कडू होतात. बी तर संपलं होतं. तरी चिंधी बांधायला ती तयार नव्हती. एकदा का रोपाला चिंधी बांधली की ते बियाचं झालं. मग ते कुणी कापायचं नाही, दारात कोणी का येईना. चिंधी बांधायची म्हणजे तो या मोसमात येत नाही असं आपल्या हातानं कबूल करायचं. आणि तो येणार होता.

रविवारी सकाळी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. पनवेलच्या चारुदत्त शेटच्या औषधांच्या दुकानात काशिरामचा फोन येणार आहे, लगेच ये. हौसाने नवं लुगडं नेसलं, गजरा माळला. फोनमधून लुगडं दिसत नाही हे तिलाही ठाऊक होतं. येताना काय काय सामान आणतील, पनवेलला उतरवून घ्यायला कोणाला पाठवायचं, सगळं गाडीतच ठरवून झालं.

फोन आला तेव्हा दुकानात खोकल्याच्या औषधाला गिऱ्हाईक उभं होतं. चारुदत्तने रिसिव्हर तिच्या हातात दिला. "मोठ्याने बोला वहिनी, लाइन क्लिअर नाहीये."

"हौसे?"

"हां." तिचाच हां उलटा येऊन तिच्या कानात पडला.

"बदली मानूस मिललाच नाय ग. जहाज पुढं चाललंय. पावसाला सरल्याबिगर उतरता नाय येत."

गाडीत ठरवलेलं सगळं हौसाने गिळलं. परक्या माणसांसमोर रडायचं नाही एवढंच तिने धरून ठेवलं.

"आयकतेस ना?"

"आयकतेय."

"आये बरी हाय?"

"बरी हाय. मला शिव्या घालते, म्हंजे बरीच हाय."

तो हसला. मग म्हणाला, "सालीट लावलंस?"

"लावलंय. अजून कवलं हाय," ती धडधडीत खोटं बोलली.

"मग आज तूच भाज. मी सांगतंय तसं."

"मला म्हाईत हाय."

"आयक तरी."

तिने ऐकलं. त्याने एसटीचं वेळापत्रक वाचून दाखवलं असतं तरी ऐकलं असतं. तिला तो आवाज हवा होता.

"उभं चीर. बुडखा काढू नको, पानां सुटतील. तेल चोल, मीठ चोल. निखारा लाल पायजे, जाल नको. कापलेली बाजू खाली. नि एकदा ठेवलं का हालवू नको. तुला सवय हाय, उलटत बसतेस."

"नाय हालवत."

"कडा कालपट झाल्या का उचल. मग वरनं लिंबू..."

आवाज गेला.

"लिंबू किती?" हौसाने विचारलं. पलीकडे नुसती घूंघूं. तिने पुन्हा विचारलं.

"कट झाला का?" चारुदत्त म्हणाला. "बसा, परत लागेल."

ती बसली. गिऱ्हाइकं येत-जात राहिली. शेवटी जेवणाला म्हणून त्याने शटर अर्धं ओढलं आणि ओशाळून म्हणाला, "आज लाइनच खराब आहे वहिनी."

"परत लागला तर सांगा, लिंबू हाय घरात," हौसा म्हणाली आणि स्टँडकडे चालू लागली.

उन्हं कलल्यावर तिने त्यातल्या त्यात बुटका गड्डा कापला. दांड्यातून पांढरा चीक आला, म्हणजे चव काय असणार ते कळलंच. तरी तिने तो उभा चिरला, बुडखा राखला, तेल-मीठ चोळलं आणि पडवीतल्या चुलीचे निखारे ओढून सळयांवर पालथा ठेवला. चर्र आवाज झाला. हात शिवशिवत होता, पण तिने तो मांडीखाली दाबून ठेवला. हालवलं नाही.

अर्धं तिने सासूच्या पुढ्यात ठेवलं. भीमाबाईने घास चावला आणि तोंड वाकडं केलं. "कडू जहर! कवा येतो म्हनला?"

"पावसाला सरल्यावर."

म्हातारीने दुसरा घास तोडला आणि भाकरीला लावून खाल्ला. पुन्हा कडू म्हणाली नाही. हौसानेही आपलं अर्धं बसून, सावकाश, बुडख्यापर्यंत संपवलं. इतकी आठवण तिला कधी आली नव्हती. समोर पाट टाकलेला असता आणि त्यावर तो असता, तर तिने याहून कडूही गोड मानून खाल्लं असतं.

स्वयंपाकघरात खुंटीला काशिरामचा जहाजावरचा जुना ॲप्रन होता. गरम टोप उतरवायला ती तो वापरायची. तिने त्याची एक नाडी फाडली, घागर घेतली आणि मळ्यात गेली. कर्नाळ्याच्या सुळक्यावर अजून थोडं ऊन होतं. सरीतलं सगळ्यात उंच रोप तिने निवडलं आणि त्याच्या दांड्याला पांढरी नाडी बांधली. मग बुडाशी पाणी ओतलं.

गाठ तिने सैलच ठेवली. रोप अजून वाढायचं होतं.