जज्जकाकांच्या भिंतीवर सिनेमा

बसवाली मावशीचा आवाज गल्लीत कुणालाही ओळखता यायचा. सकाळी शाळेची बस वळणावर लागली की "हात आत, डोकं आत, बूड सीटवर" ही तिची आरोळी वरच्या मजल्यावर झोपलेल्यांनाही दचकून उठवायची. बसमधली मुलं तिला मावशी म्हणत, म्हणून त्यांच्या आया मावशी म्हणू लागल्या, आणि पुढे तिच्याहून वयानं मोठी माणसंही. पण ही तोफ एका बाबतीत मात्र थंड होती. ती येशूला मानते, रविवारी नवऱ्याबरोबर प्रार्थनेला जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. का मानते, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

मग तिचा नवरा पडला. तो लिफ्ट दुरुस्तीची कामं करी. एका इमारतीत शिडी सरकली, तो लिफ्टच्या खड्ड्यात कोसळला आणि कमरेचं हाड मोडलं. त्या दिवसांत गल्लीनं तिचं घर खांद्यावर उचलून धरलं. कोपऱ्यावरची शिंपीणबाई जेवणाचे डबे पोचवायची. वरच्या मजल्यावरच्या नर्सनं, दुखू न देता कुशीवर कसं वळवायचं ते तिला शिकवलं. आणि जज्जकाका, ज्यांचं गल्लीत कुणाशीच धड पटत नसे, ते दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून बसले. तू बस चालवायला जा, मी आहे इथे, एवढंच म्हणाले.

नवरा बरा झाला, पुन्हा कामावर जाऊ लागला. चालताना जरासा लंगडायचा, तेवढंच. एकदा भांडी पुसता पुसता मावशी त्याला म्हणाली, "सगळ्यांनी आपापल्याकडचं चांगलं ते आपल्या घरात आणून दिलं. आणि आपल्याकडचं सगळ्यात चांगलं आपण कपाटात ठेवून दिलंय."

कशाबद्दल बोलतेय ते नवऱ्याला विचारावं लागलं नाही. "मग काढ की बाहेर," तो म्हणाला.

"मला बोलता येत नाही हो."

"मग दाखव."

तो मोजकंच बोलायचा, पण बोलला की त्यातून काहीतरी निघायचं. त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांकडे एक प्रोजेक्टर होता आणि येशूच्या जीवनावरचा एक सिनेमा होता, आपल्याच भाषेत. मावशीनं तो मागून आणला आणि घरी इतक्यांदा पाहिला की भाजी चिरताना तिच्या तोंडून त्यातल्या कोळ्यांचे संवाद निघू लागले. पाळकसाहेब म्हणाले, सिनेमा संपल्यावर मी येऊन चार शब्द बोलेन, तू काळजी करू नकोस. मावशीच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. माणसं बोलवायची, बसवायची, दिवे मालवायचे, एवढंच काय ते तिच्याकडे. हे तर ती रोज करते.

प्रश्न उरला पडद्याचा. गल्लीच्या मधोमध मोकळी जागा होती आणि तिच्या एका बाजूला जज्जकाकांच्या घराची मोठी भिंत, नुकतीच चुना दिलेली, पांढरीशुभ्र. जज्जकाका खरे तर कोर्टात कारकून होते. पण साक्षीदारांच्या उलटतपासण्या ऐकून ऐकून त्यांना तीच सवय जडली होती. दूधवाल्यालासुद्धा दूध उशिरा का, हे तीन प्रकारे विचारायचे. मावशी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आम्हाला तुमच्यात ओढायचा बेत आहे."

"ओढायचं नाही, काका. मला जे जिवापाड आवडतं ते तुम्हाला दाखवायचंय. ते तुम्हालाही आवडलं तर मला आनंद होईल, हे लपवत नाही. नाही आवडलं तरी तुम्ही माझे काकाच."

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. असं सरळ उत्तर त्यांना कोर्टात क्वचितच ऐकायला मिळालं असावं. "भिंत देतो," ते म्हणाले. "पण मी गप्प बसून बघणार नाही. शंका आली की तिथल्या तिथे विचारणार. चालेल?"

पाळकसाहेब असतीलच, असा विचार करून मावशीनं चालेल म्हणून टाकलं, आणि घरी जाताना जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली.

पुढचे दिवस ती जमिनीवर नव्हतीच. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला ती रविवारचं आमंत्रण देई आणि कसला सिनेमा आहे ते आईबाबांना आधी सांगा, म्हणून बजावे. कुणी येते म्हणालं, कुणी बघू म्हणालं, एकदोघांनी आमच्यात चालत नाही म्हणून हात जोडले. मावशीनंही हसून हात जोडले. शिंपीणबाईनं दुकानातले सगळे स्टूल देऊ केले. नवऱ्यानं खांबावरून वायर आणली, ती पायात येऊ नये म्हणून चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवली आणि मग स्वतःच तिच्यावर अडखळला.

रविवारी ऊन उतरलं तशी माणसं यायला लागली. चटया, खुर्च्या, उलट्या ठेवलेल्या बादल्या, जे मिळेल ते घेऊन. थंडीचे दिवस होते, संध्याकाळीच अंधारलं. मावशीनं आपली बस जागेच्या एका कडेला लावली होती, वाऱ्याला आडोसा म्हणून. मावशीनं माणसं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. एवढी येतील असं तिला वाटलंच नव्हतं. जज्जकाका पहिल्या रांगेत मधोमध, हाताची घडी घालून बसले होते.

तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. मंडळीतल्या एका आजीबाईंना दवाखान्यात हलवलं होतं, ते तिथे अडकले होते. तू कर सुरू, मी प्रार्थना करतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मावशीनं नवऱ्याकडे पाहिलं. सिनेमा आहे की, तो म्हणाला, सिनेमा बोलेल.

सिनेमा बोलला, पण थोडाच वेळ. भिंतीवर सरोवर उजळलं, होड्या आल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या, येशू किनाऱ्यावरून कोळ्यांना हाक मारायला वळला, आणि स्पीकरमधून फट् असा आवाज येऊन जळका वास सुटला. चित्र चालू, आवाज गायब. नवऱ्यानं स्पीकर उघडला, आत टॉर्च मारली, स्क्रू काढले, स्क्रू लावले. मागून कुणीतरी म्हणालं, लिफ्टवाला आहे तो, वर खाली करून बघेल. हशा पिकला. पण लोक चुळबुळायला लागले, एकानं चटईही गुंडाळायला घेतली.

नवरा लंगडत तिच्याजवळ आला. "स्पीकर गेला. तू बोल."

"मी?"

"तुला पाठ आहे सगळं. बसला माइक आहे."

सहलीला जाताना मुलांना सूचना द्यायला तो माइक होता. वेटोळ्या वायरचा, स्टिअरिंगजवळ अडकवलेला, आणि बसच्या टपावर भोंगा. मावशी नको नको म्हणून मान हलवू लागली. पण गुंडाळली जाणारी ती चटई तिला बघवेना. ती बसमध्ये चढली, आपल्या सीटवर बसली आणि समोरच्या काचेतून पाहिलं. बरोबर समोर ती पांढरी भिंत होती आणि भिंतीवर येशू, तोंड उघडून, बिनआवाजाचा. तिनं माइक उचलला, बटण दाबलं, आणि सवयीनं पहिलं वाक्य बाहेर पडलं ते हे: "सगळे नीट बसलात का? मागच्यांनी खेळायचं नाही."

सगळी गल्ली खदखदून हसली. चटई पुन्हा पसरली गेली. आणि मावशीच्या जिभेची गाठ जी सुटली ती सुटलीच.

ती सीट तिची होती. तिथे बसून ती कधी कुणाला घाबरली नव्हती. कोळी बोलले की ती जाड्या आवाजात बोलायची, गावातले मोठे लोक बोलले की नाकातून. सिनेमातली घडीव वाक्यं कधीच गळून पडली, ती आपल्या घरच्या बोलीत सांगू लागली. रस्त्याकडेचा आंधळा येशूला हाका मारत होता आणि भोवतालचे लोक त्याला गप्प बसवत होते, तेव्हा तिनं खाली मुलांना सांगितलं की तुम्ही ती गर्दी व्हा. मुलांनी असा काही गलका केला, की आंधळ्याची हाक ऐकू यावी म्हणून मावशीला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागलं. आणि येशू थांबला. एवढ्या गलक्यात त्या एकासाठी थांबला. "बघा," ती माइकमध्ये म्हणाली. शिंपीणबाईनं पदर डोळ्याला लावलेला तिला काचेतून दिसला.

मग बागेतला प्रसंग आला. मित्र झाडाखाली झोपलेले, येशू एकटा गुडघ्यांवर, आणि दूर टेकडीच्या वळणावर, त्याला पकडायला येणाऱ्यांच्या मशालींची रांग. जज्जकाका उठून उभे राहिले. त्यांची सावली थेट भिंतीवर, मशालींच्या मधोमध पडली.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "त्याला त्या मशाली लांबून दिसल्या. अंधार होता, पळायला वाट होती. मग तो गेला का नाही?"

नवऱ्यानं चित्र थांबवलं. सगळी गल्ली बसकडे वळली. याचं उत्तर सिनेमातल्या कुणाच्याच तोंडी नव्हतं, आणि पाळकसाहेब दवाखान्यात होते. मावशीनं क्षणभर डोळे मिटले, मनात येशूला हाक मारली, आणि माइक तोंडाशी धरला.

"काका, ह्यांची कंबर मोडली तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून होतात. तुमचे गुडघे दुखत होते. घर जवळ होतं. मग तुम्ही गेला का नाहीत?"

काकांचा हात गुडघ्याकडे गेला.

"तो पळाला असता तर हे झोपलेले मित्र त्या मशालवाल्यांच्या हाती सापडले असते," ती म्हणाली. "त्यानं येणाऱ्यांना सांगितलं, मी इथे आहे, ह्यांना जाऊ द्या. माझा विश्वास आहे की त्या 'ह्यांना'मध्ये मी पण आहे. आपण सगळे आहोत. आपण झोपलेलो असताना तो आपल्यासाठी तिथे थांबला. मला एवढंच कळतं, काका. आणि म्हणून मी त्याला मानते."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं जे सांगता येत नव्हतं ते सगळं सांगून झालं होतं, तेही भोंग्यावरून. आनंद असा दाटून आला की ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. काका हळूच खाली बसले. "चालू द्या," ते म्हणाले.

पुढचं मावशीनं जवळजवळ एका श्वासात सांगितलं. क्रूसापाशी तिनं माइक खाली ठेवला आणि चित्र नुसतंच चालू दिलं. मग ती पहाट आली, उघडी कबर आली, आणि मावशीचा आवाज असा चढला की भोंगा खरखरला. तो उठला होता. किनाऱ्यावर शेकोटी पेटवून तो आपल्या दमलेल्या मित्रांसाठी मासे भाजत होता. एका मुलानं विचारलं, मेल्यावर पण स्वयंपाक करतो? मावशी म्हणाली, मेलेला नाही रे, जिवंत झालाय, आणि मित्रांना काय म्हणाला, तर या, जेवा.

शेवटी तिनं सांगितलं की कुणाला काही विचारायचं असेल, कुणासाठी प्रार्थना हवी असेल तर मी इथेच आहे, आणि कुणाला नको असेल त्यानंही खुशाल जावं, सिनेमा पाहिल्याचं कसलंही कर्ज नाही. बरेच लोक मजा आली म्हणत खुर्च्या उचलून गेले. पण नर्स बसच्या पायरीवर येऊन बसली. तिची बहीण परगावी आजारी होती. आजवर तिनं हे गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. मावशीनं तिचा हात हातात धरला आणि दोघींनी डोळे मिटले. मावशीनं साधीच प्रार्थना केली, शेजारणीशी बोलावं तशी.

नवरा वायर गुंडाळत होता. जागा रिकामी झाली तरी जज्जकाका पहिल्या रांगेत तसेच बसलेले. मावशी खाली उतरून त्यांच्याजवळ गेली.

"मला पटलंय असं समजू नकोस," ते म्हणाले.

"नाही समजत, काका."

"पण तो एक कोळी होता. येशूला पकडून नेल्यावर, मी त्याला ओळखत नाही म्हणून शपथेवर खोटं बोलला तो. कोर्टात अशा माणसाला पुन्हा कुणी उभं करत नाही. आणि शेवटी तोही शेकोटीपाशी बसून जेवत होता." त्यांनी चष्मा पुसला. "त्या कोळ्याला येशूनं काही विचारलं नाही? इतकं सगळं होऊन?"

"विचारलं," मावशी म्हणाली. "ते सिनेमात नाही. घरी चला, सांगते."

काकांनी घरातून स्वतःची खुर्ची आणली होती, ती उचलायला ते वाकले. नवऱ्यानं त्यांच्या हातातून ती घेतली आणि खांद्यावर टाकली, आणि तिघं जिन्याकडे निघाले. मावशी सगळ्यांत पुढे होती, आणि जिन्यातच तिनं सांगायला सुरुवात केली: "त्यानं तीनदा एकच विचारलं, काका. तुझं माझ्यावर प्रेम आहे का?"