खंडोबाच्या नावावर अडकलेला डाव

रामलिंग आप्पांच्या दाराची कडी वाजवायचा तो एकटा वारा. तोही अलीकडं नळदुर्गाहून निघाला की अणदूरला वळसा घालून जाई. खोटं वाटत असेल तर आप्पांच्या अंगणातल्या कवठाला विचारा, वर्षभरात त्याचं पान हललेलं न्हाय.

गेल्या वर्षी महांतेश गेला आणि बुद्धिबळाचा पट मिटला. पण सोलापुरात जन्मभर प्रोग्रॅम लिहिलेल्या त्या खवचट मित्रानं जाण्याआधी पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत बुद्धिबळाचा एक खेळ लिहून ठेवला होता, खास आप्पांसाठी. खेळ कॉम्प्युटरच्या युजरचं नाव घेऊन टोमणे मारी. ‘रामलिंग, वजीर गेला की रं. झोप लागली का?’ आप्पा त्याला शिव्या घालत चार-चार तास खेळत. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं तेवढंच.

मग जुना कॉम्प्युटर जळाला. नवा आला. ट्रॅक्टर असो की पिठाची गिरणी, अणदुरात नव्या वस्तूवर आधी देवाचं नाव. आप्पांनी युजरचं नाव दिलं, श्री खंडोबा प्रसन्न. वर भंडारा असा उधळला की आठवडाभर कीबोर्डातून पिवळीच अक्षरं निघत होती.

पर्ल बसलं, पण पेनड्राइव्हवरचा खेळ उघडेना. पडद्यावर खेळाची खिडकी काढणारा टीके नावाचा जोडभाग, म्हणजे मॉड्यूल, सापडत नाही, म्हणे. ते बसवायला जावं तर अर्ध्यावर थांबे. अकरा वेळा थांबलं. शेवटी आप्पांनी महांतेशच्या लेकीला, दीपालीला, पुण्याला फोन लावला.

“एरर वाचून दाखवा, काका.”

“सी, युजर्स... आन पुढं चौकोनच चौकोन.”

“युजरचं नाव काय ठेवलंय?”

आप्पांनी सांगितलं. पलीकडं हसू दाबल्याचा आवाज आला.

“देवनागरी नाव, त्यात मधी दोन रिकाम्या जागा. मॉड्यूल त्याच नावाच्या फोल्डरात तयार होतंय, काका. पर्लला पुढचा रस्ताच घावत न्हाय.”

“मग देवाला पुसून टाकू व्हय?”

“देव राहू द्या तिथंच. दुसरा युजर करा. इंग्रजी अक्षरं, एकच शब्द. मग परत बसवा.”

फोन ठेवला. समोर नाव विचारणारी रिकामी चौकट. आप्पा आपलंच नाव लिहायला निघाले, पण बोटं भलतीकडं गेली. लिहून झालं ते महांतेशचं.

या खेपेला मॉड्यूल मुकाट बसलं. पट उघडला. सहाव्या चालीला आप्पांनी वजीर थेट हत्तीच्या तोंडी दिला. मुद्दाम दिला का, ते विचारू नका.

‘महांतेश, वजीर गेला की रं. झोप लागली का?’

वर्षभरात त्या घरात कुणी ते नाव घेतलं नव्हतं.

“लागली की,” आप्पा हळूच म्हणाले, आणि प्यादं पुढं सरकवलं.