नीलम्मांच्या दारची पाऊसबाग

प्रभानं मिटलेली छत्री उलटी धरली आणि तिच्या मुठीनं कर्दळीत अडकलेला प्लॅस्टिकचा गोळा ओढून काढला. तरी पाणी वाढतच होतं. कॉलनीच्या वरच्या गल्ल्यांतलं गढूळ पाणी उतारानं धावत येऊन या खोलगट बागेत पडत होतं, आणि बागेला लागूनच नीलम्मांचा उंबरा होता.

ही पाऊसबाग प्रभाच्या हट्टानं झाली होती. परतीचा पाऊस आला की दरवर्षी नीलम्मांच्या घरात पाणी शिरायचं. होटगी रस्त्याकडच्या या कॉलनीत घरोघरी अंगणात फरशी. पाणी मुरणार कुठं? शाळेतून निवृत्त झालेली प्रभा दारोदार फिरली, लोकांना पटवलं, कोपऱ्यावरचे पेव्हर ब्लॉक उखडायला लावले. काळी माती काढून खडी-वाळू भरली, वर कर्दळ आणि वाळा लावला. पाणी इथं थांबेल आणि खाली जिरेल, असं ती सांगत राहिली. बाईंनी आजारी माणसाच्या दारात तळंच खोदून ठेवलंय, असं वरच्या गल्लीतले नंदूभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले होते.

आज ते खरं ठरणार, असं तिला वाटायला लागलं. आत नीलम्मांचे यजमान गुरुशांत खाटेवर पडून होते. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली. पाणी शिरलं तर त्यांना कोण उचलणार? पाण्याची एक लाट येऊन उंबऱ्याला लागली, तशी प्रभानं छत्री दोन्ही हातांनी घट्ट आवळली.

मग सर ओसरली. प्रभा हलली नाही. बऱ्याच वेळानं कर्दळीची बुडालेली पानं एकेक करून वर आली. वाळ्याच्या बुंध्याशी बुडबुडे फुटत होते. पाणी मुरत होतं.

ती दार लोटून आत गेली. जमीन कोरडी होती. गॅसवर मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता, ताटात कप मांडलेले होते.

"पाणी नाही शिरलं, नीलम्मा," ती म्हणाली.

नीलम्मांनी मान हलवली, पण त्यांची नजर रस्त्यावर होती. गुरुशांतही दाराकडंच बघत होते. त्यांना धुतलेला सदरा घातलेला, केस विंचरलेले.

नीलम्मा गॅसकडं तोंड करून सांगू लागल्या. दरसाल पाणी शिरलं की वरच्या गल्ल्यांतली माणसं बादल्या घेऊन यायची. उपसून झालं की सगळ्यांचा चहा इथंच. नंदूभाऊ तर खाटेवर बसून मालकांशी गप्पा मारायचे. बाकी वरीसभर कुणाचं पाऊल लागत नव्हतं.

"मग औंदा कुणी यायचं न्हाय का वो, बाई?"

प्रभा खाली बसली. ओला हात पदराला पुसून तिनं फोन काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, 'पाऊसबाग यशस्वी. नीलम्मांच्या घरात पाण्याचा थेंब नाही.' हे वाक्य ती उन्हाळ्यापासून मनात घोळवत होती. अंगठा तसाच थांबला. मग तिनं ते सगळं पुसलं.

'नीलम्मांकडे या. सगळे या.'

थोड्या वेळानं चढावरून बादल्यांचा खडखडाट आणि नंदूभाऊंचा चढा आवाज खाली येऊ लागला. गुरुशांतांनी चालत्या हातानं खाटेवरची चादर सारखी केली आणि बसायला जागा करून ठेवली.